वायर टाकली तरी गेम अडकतो: गुहागर तालुक्यातल्या एका घराचं प्रकरण

पार्श्वभूमी

घर गुहागर तालुक्यातलं, समुद्राला लागून. ओळख पटू नये म्हणून गाव, माणसं आणि नेट देणारा ऑपरेटर यांची नावं गाळली आहेत. जुनं चिऱ्याचं कौलारू घर, पुढे पडवी, तिच्यापुढे खळं, आणि खळ्याच्या पलीकडे पर्यटकांसाठी बांधलेली नवी दुमजली इमारत. खालच्या खोल्या पाहुण्यांना, वरच्या मजल्यावर धाकट्या मुलाची खोली. वडील नारळी-पोफळीचं आगर आणि पाहुण्यांचं बघतात, थोरला पुण्याला नोकरीला. रात्रीचं जेवण आटोपलं की थोरला पुण्याहून, धाकटा गावाहून आणि मुंबईतले दोन मित्र असे मिळून व्हॅलोरंट हा ऑनलाइन गोळीबाराचा गेम खेळतात. अधूनमधून माइनक्राफ्टही.

ऑपरेटरची फायबर लाइन जुन्या घराच्या ओटीवर येते, कारण कनेक्शन घेतलं तेव्हा नवी इमारत नव्हतीच. फायबरचा डबा (ओएनयू, त्यातच वायफाय राउटर) तिथे भिंतीवर आहे. तिथून एक लॅन केबल पडवीतून बाहेर पडते, वाशांखालून भिंतीच्या कडेने जाते, खळ्यावरून हवेतून पलीकडे पोहोचते आणि माडीवरच्या एका छोट्या नेटवर्क स्विचला (एका केबलच्या अनेक वाटा करणाऱ्या डब्याला) लागते. त्या स्विचवर तीन गोष्टी: मुलाचा कॉम्प्युटर, पाहुण्यांचं वायफाय आणि चार कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर. ही केबल इमारतीचं वायरिंग करणाऱ्यानेच टाकली होती. तुकडा कमी पडला म्हणून पडवीच्या टोकाला कपलर लावून दुसरा तुकडा जोडला होता. हा कपलर पुढे महत्त्वाचा ठरतो.

तक्रार

वडिलांच्या शब्दांत: "आधी म्हणाला वायफायवर लॅग येतो, म्हणून वायर टाकली. आता म्हणतो वायरवरही येतो. मग आता टाकायचं काय?" मुलाचं म्हणणं वेगळं होतं. स्पीड टेस्टला ५० एमबीपीएस पूर्ण येतो, घरात सगळ्यांचे व्हिडिओ चालतात, मग आपलाच गेम का मरतो?

दोघांचीही एक गोष्ट सारखी होती. दोघेही एकाच आजाराबद्दल बोलत होते. म्हणून हत्यारं बाहेर काढण्याआधी मी मुलाला एक वही ठेवायला सांगितली. गेम बिघडला की वेळ, नेमकं काय दिसलं, पाऊस-वारा कसा होता आणि खोल्यांमध्ये पाहुणे होते का, एवढंच लिहायचं. मुलाने मनापासून लिहिलं, आणि त्या वहीतून एका तक्रारीच्या तीन झाल्या.

पहिली: खेळ दोन-चार सेकंद पूर्ण गोठतो, कधी थेट बाहेर फेकतो. वेळ कुठलीही, पण पावसाच्या आणि दमट वाऱ्याच्या दिवशी जास्त. दुसरी: संध्याकाळी साडेसातनंतर पिंग (डेटा गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ) २०० ते ३०० मिलीसेकंदांवर जातो, खेळ तुटत नाही पण आपण गोळी झाडण्याआधीच मेलेले असतो. शनिवारी हमखास, पाहुणे नसले की जवळपास नाहीच. तिसरी: मुलाने स्वतःच्या कॉम्प्युटरवर माइनक्राफ्टचं जग उघडलं तर मुंबई-पुण्याचे मित्र त्यात येऊच शकत नाहीत. हे सकाळ-संध्याकाळ, पावसात-उन्हात, कायम.

कोणते मार्ग समोर होते

वडिलांच्या मनात महागडा गेमिंग राउटर घ्यायचं जवळजवळ ठरलं होतं. लाल दिवे, सहा अँटेना. कॉम्प्युटर वायरवर असताना अँटेना काय करणार, हा प्रश्न दुकानदाराला कोणी विचारत नाही. दुसरा मार्ग प्लॅन १०० एमबीपीएसचा करायचा. पण गेमला स्वतःला एक एमबीपीएसही लागत नाही. त्याला लागतो तो वेळेवर पोहोचणारा छोटा छोटा डेटा. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा खेळाची स्थिती हिशोबात घेतो, म्हणजे साधारण दर आठ मिलीसेकंदांनी. पाइप रुंद केल्याने तो डेटा वेळेवर येईलच असं नाही. तिसरा मार्ग ऑपरेटर बदलायचा. गावात दुसरा फायबरवाला नाही आणि मोबाइलची रेंज माडीवर एका खिडकीत येते, त्यामुळे तो तिथेच मिटला.

चौथा मार्ग मुलाचा लाडका होता: ऑपरेटरकडे पुराव्यासह तक्रार. त्याने डेटा कोणत्या टप्प्यांतून जातो ते दाखवणारं ट्रेसराउटसारखं एक टूल चालवून त्याचा स्क्रीनशॉट काढून ठेवला होता. वाटेतल्या तिसऱ्या टप्प्यावर ६० टक्के लॉस लाल अक्षरात दिसत होता. मला म्हणाला, "दादा, हे बघा, चोर सापडला." पण त्याच चित्रात चौथ्या, पाचव्या आणि शेवटच्या टप्प्यावर लॉस शून्य होता. तिसऱ्या टप्प्यावर खरोखर साठ टक्के डेटा हरवत असता, तर पुढच्या प्रत्येक टप्प्यावर तेवढा तरी लॉस दिसलाच असता. अनेक मोठे राउटर स्वतःला आलेल्या पिंगला, म्हणजे तपासणीच्या हाकेला, उत्तर देण्याचं काम मागे ठेवतात किंवा त्यावर मर्यादा घालतात. आरपार जाणारा डेटा मात्र नीट पुढे सोडतात. हा स्क्रीनशॉट घेऊन तक्रार केली असती तर ऑपरेटरच्या माणसाने ती एका वाक्यात उडवली असती, आणि पुढे खरी तक्रार घेऊन गेल्यावरही ऐकलं नसतं. तक्रार थांबवायची हे ठरलं.

उलट ऑपरेटरच्या बाजूने दोन गोष्टी चांगल्याच होत्या. ओएनयूच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद उणे २२ डीबीएम दिसत होती. या प्रकारच्या जीपॉन (घरोघरी फायबर देण्याची एक पद्धत) लाइनला साधारण उणे २७ पर्यंत चालतं, म्हणजे फायबर निरोगी. आणि सकाळच्या शांत वेळी गेममधल्या मुंबई सर्व्हरचा पिंग १७ मिलीसेकंद. काचेच्या तारेत प्रकाश मिलीसेकंदाला सुमारे २०० किलोमीटर जातो. सिंगापूरच्या सर्व्हरला जाऊन यायला सरळ रेषेतसुद्धा ४० मिलीसेकंदांच्या आसपास लागतील. त्यामुळे गेम चुकून लांबच्या सर्व्हरवर जातोय ही शंकाही गेली.

पहिला निर्णय: मोजायचं कुठून

कॉम्प्युटरवर तीन खिडक्या उघडून तीन पिंग एकाच वेळी सुरू ठेवले. एक माडीवरच्याच कॅमेरा रेकॉर्डरला, एक ओटीवरच्या राउटरला, एक बाहेरच्या जगाला. पहिला पिंग कॉम्प्युटर आणि स्विच तपासतो, दुसऱ्यात खळ्यावरची केबल येते, तिसऱ्यात ऑपरेटर.

खेळ गोठला त्या क्षणी रेकॉर्डरचा पिंग एक मिलीसेकंदाच्या आत, एकही चुकलेला नाही. राउटरचा पिंग मात्र सलग बंद, आणि अर्थातच बाहेरचाही. याचा अर्थ कॉम्प्युटर ठीक, त्याचं लॅन कार्ड ठीक, ड्रायव्हर ठीक, स्विचही ठीक. मुलाने महिनाभर ड्रायव्हर बदलण्यात घालवला होता तो वाया, पण तरुणपणी महिने असतात. दोष स्विच आणि राउटर यांच्यामधल्या केबलमध्ये होता. स्विचवर त्या पोर्टचा दिवाही बाकीच्यांपेक्षा वेगळ्या रंगाचा होता: बाकी पोर्ट गिगाबिटवर (१००० एमबीपीएस), हा १०० वर. गिगाबिटला केबलमधल्या चारही जोड्या लागतात, १०० एमबीपीएसला केशरी आणि हिरवी अशा दोनच पुरतात. निळी किंवा तपकिरी जोडी मेली की जोडणी गुपचूप १०० वर उतरते आणि ५० चा प्लॅन असलेल्या घरात स्पीड टेस्टला काहीच कळत नाही.

कपलर उघडला तर आतल्या पितळी पात्यांवर हिरवट गंज. खारा वारा, पावसाची झड, आणि पडवीच्या टोकाला उघड्यावर बसवलेला घरातल्या वापराचा कपलर. दुसरं काही होण्याची शक्यताच नव्हती. केबलची करडी सालही उन्हाने कडक होऊन तडकली होती. तार पात्याने खरवडली तर वरून तांबूस आणि आतून पांढरी: तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम, ज्याला बाजारात सीसीए म्हणतात. दिसायला सारखी, हाताला हलकी, किमतीला स्वस्त. दोन-चारदा वाकवली की टोकाशी तुटते. घरात, भिंतीच्या आत, एकदा टाकून विसरायची असेल तर कदाचित चालून जाते. समुद्राच्या वाऱ्यात मी ती टाकणार नाही.

दुसरा निर्णय: तांबं की काच

सोपा उपाय होता जोड कापून चांगला, जेली भरलेला कपलर लावायचा. तो एखादा पावसाळा काढतो. त्यापुढचा उपाय बाहेरच्या वापराची, काळ्या सालीची, पूर्ण तांब्याची कॅट-६ केबल सलग टाकायची. घरच्यांचा कल तिकडे होता आणि अंतर १०० मीटरच्या मर्यादेच्या खूप आत होतं.

मी फायबर सुचवला, तो विजांमुळे. कोकणात वळवाच्या पावसात आणि परतीच्या पावसात ऑक्टोबरमध्ये कडकडाट असतो. दोन इमारती, दोन वेगळे वीजमीटर, दोन वेगळे अर्थिंग, आणि मध्ये हवेतून गेलेली धातूची तार. वीज जवळ कुठेही पडली की या तारेतून धक्का दोन्हीकडच्या पोर्टमध्ये शिरतो. मागच्या वर्षी या घरातला आधीचा स्विच असाच गेला होता, हे वडिलांना बोलताबोलता आठवलं. काचेच्या तारेतून वीज जात नाही.

खर्च तांब्यापेक्षा जास्त होता, पण वडिलांनी जळलेला स्विच आणि वाचलेला रेकॉर्डर यांचा हिशोब स्वतःच मांडला. कारखान्यात दोन्ही टोकं बसवलेला तयार तुकडा आणला, म्हणजे जोडायचं मशीन लागलं नाही. तारेत धातूचा आधार नाही ना, हे मुद्दाम पाहून घेतलं, नाहीतर सगळा उद्देशच बुडाला असता. दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर (तांब्यातला सिग्नल प्रकाशात आणि प्रकाशातला तांब्यात बदलणारे डबे) बसवले. यात एक खाचखळगा: एकाच काचेवर दोन्ही दिशांना डेटा नेणारे कन्व्हर्टर जोडीने घ्यावे लागतात. एक १३१० नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर पाठवतो आणि १५५० वर घेतो, दुसरा नेमका उलट. दोन सारखेच घेतले तर दिवा लागतच नाही आणि माणूस काच तुटली समजून बसतो. शिवाय दोन्ही कन्व्हर्टर इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले. ते न केल्यास वीज गेली की कॉम्प्युटर चालू आणि नेट बंद अशी नवीच तक्रार जन्माला आली असती.

तिसरा निर्णय: काही फरकच पडला नाही तेव्हा

शनिवारी रात्री मुलाचा फोन. पिंग २६०. वडील मागून बोलत होते ते ऐकू येत होतं: "एवढं सगळं करून होतं तिथेच."

अशी प्रकरणं बहुतेक इथे फसतात. केलेला उपाय चुकला असं धरून लोक तो उलटवतात, किंवा कंटाळून पहिल्या दिवशी सुचलेला महागडा राउटर आणतात. इथे वही कामाला आली. तिच्यात तक्रारी वेगळ्या लिहिलेल्या होत्या, म्हणून विचारता आलं: गोठणं, बाहेर फेकणं झालं का? नाही, फायबर टाकल्यापासून एकदाही नाही, पाऊस पडूनही. पहिली तक्रार संपली होती. दुसरी तशीच उभी होती, फक्त आता तिच्यापुढे कोणी आडवं नव्हतं. वडिलांना हे पटायला वेळ लागला. पटवायला शब्द कामी आले नाहीत, तीन पिंग आले. आता राउटरचा पिंग भर गर्दीतही एक मिलीसेकंदावर स्थिर होता आणि फक्त बाहेरचा उड्या मारत होता.

वर जाणारा रस्ता

स्पीड टेस्टमध्ये सगळे पहिला आकडा बघतात. खाली येणारा ५०, ठीक. वर जाणारा या प्लॅनमध्ये १० च्या आसपास. चार कॅमेरे चोवीस तास प्रत्येकी सुमारे दोन एमबीपीएसने क्लाउडवर रेकॉर्डिंग चढवत होते, म्हणजे आठ तिथेच गेले. संध्याकाळी पाहुणे समुद्रावरून परततात, फोन वायफायला जोडतात, आणि दिवसभर काढलेले सूर्यास्ताचे फोटो-व्हिडिओ फोन आपोआप वर चढवायला घेतो. वेळ साडेसात का, शनिवार का, याचं उत्तर एवढंच.

वाट भरली की राउटर जादा डेटा टाकून न देता रांगेत उभा करतो. राउटरपाशी ३०० किलोबाइट साठले तर १० एमबीपीएसने ते बाहेर पडायला २४० मिलीसेकंद लागतात. मुलाला दिसणारा पिंग बरोबर याच्या आसपास होता. धोपाव्याच्या जेटीवर दाभोळच्या फेरीबोटीसाठी डंपरची रांग लागते आणि मागे एक मोटरसायकल अडकते, तशी गेमची गत. मोटरसायकलला जागा केवढीशी लागते, पण रांग एकच.

निदान पक्कं करायला मुलाने सकाळी, पाहुणे नसताना, मुद्दाम एक मोठी फाइल वर चढवली. पिंग १७ वरून २५० वर. थांबवली, पुन्हा १७. ही चाचणी फुकट आहे आणि कुठल्याही घरात करता येते.

आधी बिनखर्चाचं. कॅमेऱ्यांचं पूर्ण रेकॉर्डिंग रेकॉर्डरच्या हार्डडिस्कवरच ठेवलं, क्लाउडवर फक्त हालचाल झाली तर आणि तेही कमी दर्जाचं चित्र. वडील आधी नाही म्हणाले, चोर रेकॉर्डर उचलून नेईल म्हणून. गेट आणि पार्किंगचे दोन कॅमेरे तसेच चालू ठेवायचे या तडजोडीवर मान्य झाले. पिंग २५० वरून शंभरच्या आत आला, पण शनिवारी अजून उडत होता.

मग एक साधा, बिनदिव्यांचा राउटर घेतला. त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं खुलं सॉफ्टवेअर चालतं आणि रांगा सांभाळण्याची एसक्यूएम ही सोय मिळते. यामागचं कोडेल नावाचं तंत्र कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये मांडलं. त्याच्यावर उभं राहिलेलं एफक्यू-कोडेल प्रत्येक प्रवाहाला वेगळी रांग देतं आणि रांग फुगू देत नाही. मर्यादा लाइनच्या नव्वद टक्क्यांवर ठेवली, वर ९ आणि खाली ४५, म्हणजे रांग लागली तर ऑपरेटरच्या यंत्रात नव्हे तर आपल्या राउटरमध्ये लागेल, जिथे ती आवरता येते. थोडा स्पीड यात सोडावा लागतो. स्पीड टेस्टला ४५ बघून वडिलांचा चेहरा पडला होता. शनिवारच्या रात्री पिंग २० ते ३०.

ओएनयू ब्रिज मोडवर टाकून (म्हणजे त्यातला राउटर बंद करून) नव्या राउटरवर लॉगिन करावं लागलं, नाहीतर एकामागे एक दोन राउटर पत्ते बदलत बसले असते. ऑपरेटरच्या माणसाने नाव-पासवर्ड लगेच दिला. चुकीच्या स्क्रीनशॉटवरून आधी भांडण झालं असतं तर दिला असता का, कोण जाणे.

माइनक्राफ्टचं काय

मुलाने राउटरमध्ये २५५६५ हा पोर्ट (माइनक्राफ्टसाठी बाहेरून आत यायचं दार) उघडून पाहिला होता, काही झालं नाही. कारण राउटरला मिळालेला पत्ताच १००.७२ ने सुरू होत होता. १००.६४ ते १००.१२७ ही पट्टी एप्रिल २०१२ मध्ये खास नेट कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवली गेली. आशिया-पॅसिफिकसाठी आयपीव्ही-४ (नेटवरच्या जुन्या पद्धतीच्या) पत्त्यांचं रेशनिंग २०११ मध्येच सुरू झालं होतं, त्यामुळे ऑपरेटर अनेक घरांना एकच सार्वजनिक पत्ता वाटून देतात. याला सीजी-नॅट म्हणतात. आपल्या घरचं दार उघडून उपयोग नाही, कारण मुख्य फाटक ऑपरेटरकडे. व्हॅलोरंटला याचा त्रास नाही, तिथे सगळेच कंपनीच्या सर्व्हरकडे बाहेर जातात.

महिन्याला पैसे भरून स्थिर पत्ता घेता आला असता. चार मित्रांच्या गेमसाठी तो खर्च कोणालाच पटला नाही. आयपीव्ही-६, म्हणजे पत्त्यांची नवी पद्धत, या लाइनवर मिळत नव्हतं. मुलाने सगळ्यांच्या कॉम्प्युटरवर एक फुकट व्हीपीएन टाकलं, ज्यात चौघे एकाच घरातल्या नेटवर्कवर असल्यासारखे दिसतात. हा भाग त्याने एकट्याने केला.

निष्पत्ती

पावसाळा पार पडला, गणपतीत थोरला आणि चाकरमानी पाहुणे एकदम घरात होते, तरी गोठणं परत आलं नाही. जोरदार गर्दीत पिंग कधी ४० ला टेकतो. उरलेला त्रास घराबाहेरचा आहे: पोफळीची किंवा माडाची झावळी पडून रस्त्याकडची फायबर तुटते, ओएनयूवर लाल दिवा लागतो आणि ऑपरेटरचा माणूस येईपर्यंत खेळ बंद.

वेगळं काय करता आलं असतं

सगळ्यात स्वस्त वेळ इमारत बांधताना होती. खळ्याखालून पाण्याचा पाइप नेला तेव्हाच शेजारी रिकामा पीव्हीसी पाइप टाकला असता, तर हवेतली केबल, जोड आणि विजेचा प्रश्न उद्भवलाच नसता. वीजवाला लॅन केबलही ओढून देतो म्हणाला की कोकणात बहुतेक जण हो म्हणतात. निदान केबलवर काय छापलंय ते वाचावं आणि उघड्यावर जोड घेऊ देऊ नये.

कामाचा क्रमही उलटा लावता आला असता. एसक्यूएमचा फरक त्याच शनिवारी दिसतो, केबलचा फरक पाऊस आल्यावर. आधी राउटर बसवला असता तर वडिलांचा विश्वास लवकर बसला असता. पण केबल तशीच तुटत असताना मुलाने राउटरलाही नावं ठेवली असती, म्हणून मी अजूनही केबल आधी घेईन.

एक प्रश्न घरात अजून खुला आहे. पाहुण्यांसाठी वेगळं कनेक्शन घ्यावं असं थोरल्याचं मत आहे, वडील म्हणतात दिवाळीचं बुकिंग बघून ठरवू.